मातीत न गेलेली वार

२२ ऑक्टोबर, मंगळवार

— तिसऱ्या फटक्याला जोसेफ, आमच्या लॅबचा टेक्निशियन, खाली गेला. आमच्याच गाडीच्या चाकाशी. मी दार उघडायला गेले तर बाहेरून कुणीतरी लाथ घातली आणि दार माझ्या बोटांवर आलं.

अंगद मारत होता. फावड्याच्या दांड्याने. पहिला फटका त्याचा, मग बाकीचे आले. "चोर हायेत! वारा चोरत्यात लेकरांच्या!" शेजारच्या घराला चुना देणं चाललं होतं. कुणी बादली उचलली ते मला दिसलं नाही. जोसेफच्या तोंडावर ओतली एवढं दिसलं.

तो ओरडला नाही. हंबरला.

मग सगळे मागे सरकले. आपण काय केलं ते त्यांना तेव्हा दिसलं असावं. मी पेटीतल्या सलाईनच्या बाटल्या काढल्या, त्याच्या पापण्या बोटांनी उचकटून धरल्या आणि ओतत राहिले. चुना डोळ्यात राहिला की आत आत जाळत जातो. बाटल्या संपल्या. कळशी रोहिणीने आणून दिली — अंगदच्या बायकोने. तिच्या दंडाला अजून माझी रबरी पट्टी बांधलेली होती.

पाथर्डीच्या पुढून नगरपर्यंत गाडी मी आणली. जोसेफ शेजारी, तोंडावर ओला टॉवेल. मध्येच म्हणाला, "मॅडम, तिसरा टाका. इंजिन रडतंय."

नीट लिहायला हवं. बाळ ज्या पिशवीत असतं तिचा पडदा आमच्या लॅबमध्ये धुऊन, साफ करून ठेवतात. भाजलेल्यांना लावायला, डोळे जळलेल्यांना लावायला. बाळंतपणानंतर वारेबरोबर — नाळेच्या टोकाच्या गोळ्याबरोबर — तो टाकूनच देतात. आम्ही घरच्यांना विचारून घेतो. पण सहा महिने वापरत नाही. कसला संसर्ग लपलेला नाही ना, म्हणून आईचं रक्त पुन्हा तपासायचं, मगच. त्या रक्तासाठी आज गेलो होतो. रक्त घेऊन झालं. रोहिणीच्या सासूने, रंगुबाईने, विचारलं, "आन् हे रगत कशाला गं?"

मी सांगितलं. अगदी समजावून, वर्गात सांगतात तसं.

"वार तर आमी पुरली," ती म्हणाली. "घरामागं. अंगदनं सोता खड्डा खांदला." आणि तिने अंगदकडे पाहिलं.

लेकराला महिन्याभरापासून झटके येतात. देवऋष्याने तिला सांगितलं आहे, वार मातीत नाही म्हणून. ती म्हणत होती, आहे.

एप्रिलमध्ये जोसेफसमोर हो म्हणणारा अंगदच होता! आज आईसमोर त्याने फावडं उचललं. "मला काय म्हाईत न्हाई! ह्यांनी चोरली!"

त्या खड्ड्यात त्याने काय पुरलं असेल?

२३ ऑक्टोबर

उजवा डोळा वाचला. डावा पांढरा पडलाय. डॉक्टर म्हणाले, "पडदा लावू. तुमच्याकडे असेलच."

आहे. तीन होते, त्यातले दोन तपासणीत नापास. उरला तो रोहिणीचा. तिच्या रक्ताची नळी मारामारीत माझ्या खिशात होती. फुटली नाही! सत्यवान सरांनी — माझे गाईड — स्वतः तपासलं. रक्त स्वच्छ. पडदा वापरता येईल.

मी म्हटलं, "सर, हा त्यांचा आहे."

"पडद्याला नाव नसतं, सुकन्या. नंबर असतो."

"निदान जोसेफला तरी सांगू —"

"कोणालाही नाही."

२४ ऑक्टोबर

लावला. बारीक टाके घातले. डोळ्यावर पट्टी. दहा-बारा दिवस पडदा जागचा हलला नाही तर दिसण्याची आशा. हलला तर नाही.

मेरीने — त्याच्या बायकोने — दोनदा विचारलं, कुणाच्या हातून लागला तर? भिंगारच्या शाळेत शिकवते. हात सारखा त्याच्या मनगटावर. झोपेत चोळेल म्हणून.

जोसेफ म्हणाला, "मॅडम, एवढी वर्षं दुसऱ्यांसाठी धुतले. आता माझाच नंबर. नीट धुतलाय ना? मी नव्हतो, म्हणून विचारतो."

मी हसले. धुतला त्यानेच होता. एप्रिलमध्ये.

२५ ऑक्टोबर

अंगदला पोलिसांनी मुकादमाच्या घरातून उचललं. दिवाळी झाली की टोळी ऊसतोडीला निघते. त्याआधीच पळायच्या बेतात होता. ओळखायला मला बोलावलं.

"हाच का, मॅडम?"

मी हो म्हणायच्या आधी मारत होते. म्हटल्यावरही मारत राहिले. पट्टा तळपायांवर. मग उभं राहायला सांगायचे. तो पडायचा.

हवालदार चहा घ्यायला बाहेर गेला तेव्हा अंगद जमिनीवरूनच म्हणाला, "ताई, म्या हो म्हनलो हुतो ते आईला सांगू नका. मरंल ती."

पट्टा बसत होता तेव्हा मला बरं वाटत होतं. हे फक्त या वहीत.

२६ ऑक्टोबर

रंगुबाई लॅबच्या दारात. चालत आली की कशाने, कोण जाणे. पायांत काही नव्हतं.

"माझी वार द्या. लेकरू निळं पडतंय."

मी म्हटलं, आजी, त्याला इथे आणा, झटक्यांवर औषध आहे, मी स्वतः येते दवाखान्यात.

"आधी वार!"

आणि तिने कपाळ काचेच्या दारावर आपटलं. पुन्हा. पुन्हा. गहिनीनाथ, आमचा वॉचमन, तिला मागे ओढत होता. "म्हातारे, मरशील! काच हाय ती!" "मरू दी! मला पुरा मंग!" काचेला तडा गेला. रक्त तिच्या भुवईवरून काचेवर, काचेवरून पायरीवर. सर जिन्यातून ओरडले, "पोलिसांना फोन लावा!" खाली आले नाहीत.

मी सांगून टाकलं. "वार इथे नाही. तिचा पडदा जोसेफच्या डोळ्यात आहे. ज्याच्या तोंडावर तुमच्या लोकांनी चुना ओतला, त्याच्या."

ती थांबली. पदर कपाळाला दाबून पायरीवर बसली. मग म्हणाली, "लागू पडली का?"

"पडतेय."

"मंग ठीक हाय," म्हणाली आणि उठली.

काय ठीक आहे? मला वाटलं, तिची समजूत पटली. दिवसभर तसंच वाटत राहिलं.

सरांनी केबिनमध्ये बोलावून फाईल टेबलावर आपटली. "तिला सांगितलंस? प्रबंध विसर."

२७ ऑक्टोबर, रविवार

मूर्ख मी!

रंगुबाई वॉर्डात आली. कपाळावर चिंधी बांधलेली. आम्ही तिघं होतो — जोसेफ, मी, चर्चमधून नुकतीच आलेली मेरी. म्हातारी सरळ पलंगाशी गेली.

"तूच का त्यो? आमची वार तुझ्या डोळ्यात घातलीया. ह्या पोरीनं सांगितलं. माझ्या नातवाची हाय ती. तिच्यावर तुझा डोळा उघडनार." मग हात जोडले नाहीत, बोट रोखलं. "तर फेड. माझं पोर सोडीव. केस मागं घे. पाय फोडल्यात त्याचं."

जोसेफ काही बोलायच्या आत मेरीने तिला दंडाला धरून भिंतीवर आपटलं. मेरीने! "आंधळं करून वर फेड मागतेस?" म्हातारीने तिचे केस धरले. दोघी सलाईनच्या स्टँडसकट खाली, बाटली फुटली. चिंधी सुटली, जखम पुन्हा फुटली. मेरी तिच्या छातीवर बसून मारत होती, उघड्या हाताने, न थांबता. शेजारच्या पलंगावरचे नातेवाईक धावले. मीही धरायला गेले. कुणाचं तरी कोपर माझ्या ओठावर बसलं.

म्हातारीला बाहेर नेलं. दारातून ती ओरडत होती, "आमचं खाऊन आमालाच मारता!"

नंतर जोसेफने विचारलं, "मॅडम, खरंय?"

"हो."

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"मी सांगितलं असतं, नको म्हणून."

"म्हणूनच नाही सांगितलं."

तो भिंतीकडे वळला. मेरी फरशीवरची काच गोळा करत होती. तिच्या हातांना रक्त होतं, कुणाचं ते कळत नव्हतं.

२८ ऑक्टोबर

सकाळी नर्सने पट्टी सोडली. पडदा नव्हता. टाके ओढून तोडलेले. मेरीचा डोळा लागला तेव्हा त्याने स्वतःच्या बोटांनी काढला. डॉक्टर म्हणाले, डावा डोळा गेला.

पडदा गॉजमध्ये गुंडाळून औषधाच्या वाटीत ठेवला होता. जोसेफ म्हणाला, "त्यांचं त्यांना नेऊन द्या, मॅडम. केस मी मागे घेणार नाही."