चेरीला बांधलेला दोरा

अहो आई,

आज वटपौर्णिमा. चेरी पिकल्यात, आणि तुमची फार आठवण येतेय.

आमच्या या जर्मन गावात वड कुठला, म्हणून त्या वर्षी बाबांबरोबर इथे आला होतात तेव्हा तुम्ही शेजारच्या वेल्टेआजोबांच्या चेरीला हळदीत रंगवलेला दोरा गुंडाळलात. झाडाला पिवळं काही बांधलं की फळं कुणीही तोडावीत, ही इथली रीत. आपल्याला काय ठाऊक. संध्याकाळी अर्धं गाव टोपल्या घेऊन त्यांच्या अंगणात हजर. पूर्वी इथून रेल्वेच्या वाघिणी भरून चेरी कार्ल्सरूहे शहरात जायच्या. आता माणसंच तिकडे नोकरीला जातात आणि फळं झाडावर सुकतात. बायको गेल्यापासून आजोबांनी फाटकसुद्धा उघडलं नव्हतं. ते चिडतील म्हणून आपण घाबरलो, तर ते सगळ्यांसाठी कॉफी करत होते. आपले बाबा शिडी धरून उभे होते.

बाबा गेल्यावर तुम्ही ही पूजा सोडलीत. फोनवर मी तो विषय काढत नाही.

आज सकाळी आजोबांनी विचारलं, तो दोरा कशासाठी असतो? म्हटलं, हाच जोडीदार पुढच्या जन्मीही मिळावा म्हणून. ते म्हणाले, "आल्झो, असं असेल तर मलाही थोडी हळद द्या."

आत्ता खिडकीतून झाड दिसतंय. त्याला पिवळा दोरा आहे, गाठ जरा ओबडधोबड.

हे पत्र पाठवायचा धीर मला होणार नाही. पण गेलेल्या माणसासाठी दोरा बांधत नाहीत, हे मी त्यांना सांगितलं नाही, आई. तुम्हालाही ते कुणी सांगायला नको होतं.

तुमची,
स्पृहा