रतनबाईची कॉफी, तिची भांडी व इतर मिळकत

मी, श्रीमंत बाबुराव औटी, वय ७४, लष्कराच्या ऑफिसर मेसमधून निवृत्त झालेला मुलकी नोकर, राहणार भिंगार, जिल्हा अहिल्यानगर, आज पूर्ण शुद्धीवर, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे, तर आपल्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. थकलो आहे, पण त्याचा दाखला कोणी मागत नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. भिंगार येथील दोन खोल्यांचे घर माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते माझी पत्नी रतनबाई हयात असेपर्यंत तिचे. तिला गेली पाच वर्षे विसरण्याचा आजार आहे. तिच्यामागे घर मुलगी सौ. पंकजा हिचे, कारण शाळेतली नोकरी बदलून घेऊन ती आईजवळ राहायला आली. मुलगा चि. रविराज पुण्याला असतो. तो म्हणाला होता, "बाबा, आईला चांगल्या संस्थेत ठेवू, तिथं सगळी सोय असते." त्याच्या मनात वाईट नव्हते. तरी घर त्याला नाही.

२. बँकेतली ठेव रतनबाईच्या औषधपाण्याला. उरेल ते दोन्ही मुलांत सारखे.

३. कॉफीची भांडी. या कलमाला वकीलसाहेब हसले. मी म्हणालो, लिहून घ्या.

छत्तीस वर्षे मी मेसमध्ये कॉफी केली. रतनबाई एकेक गोष्ट विसरत गेली तसा तिने एकच धोशा लावला, "मला ती कापी द्या." कुठली, ते तिला सांगता येईना. मेसमधली असेल समजून मी कामाला लागलो.

(अ) पितळी फिल्टर. मद्रासी मेजरसाहेबांनी बदली होताना मला दिलेला. याची कॉफी साहेब लोक नावाजत. रतनबाईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "ही न्हवं." हा फिल्टर पंकजाला.

(आ) काचेचा, दांडा दाबून कॉफी गाळायचा फ्रेंच प्रेस. तिला दाट लागत असेल म्हणून घेतला. काच तडकली आहे, टाकून द्यावा.

(इ) मग दोष पुडीचा वाटला. पात्यांचा ग्राइंडर आणला, त्यात अर्धी पूड पीठ आणि अर्धी खडे. तो कोणीही न्यावा. नंतर हाताने फिरवायचा, आत दातेरी चाके असलेला घेतला. ज्याला घरी चांगली कॉफी करायची आहे त्याने आधी अशा ग्राइंडरवर खर्च करावा, भांडे मागाहून बघावे. हे मी अनुभवाने लिहितो. हा नात दिशा हिला, तिला फिरवायला आवडतो.

(ई) रविराजने पाठवलेले बटणाचे मशीन त्याचे त्याला परत. त्याने फोनवर विचारले होते, "आता तरी जमलं का, बाबा?" मी हो म्हणालो. ते खोटे होते. त्याने वाईट वाटून घेऊ नये. मशीनची कॉफी वाईट नव्हती. फक्त ती नव्हती.

यात चार वर्षे गेली. रोज सकाळी मी कप घेऊन तिच्यासमोर परीक्षेला बसावे तसा बसत होतो.

४. पारनेर येथील वडिलोपार्जित जमिनीतील माझा हिस्सा वहिनी श्रीमती रंगुबाई राधाकृष्ण औटी यांना.

कारण लिहिणे भाग आहे. माझे थोरले भाऊ राधाकृष्ण २००३ साली आपल्या मुलीच्या लग्नात भर पंगतीत म्हणाले, "आमचा श्रीमंत नावाचाच. साहेबांच्या कपबश्या विसळतो." लोक हसले. मी ताटावरून उठलो तो पुन्हा त्या घरी गेलो नाही. २०१४ साली भाऊ वारले, तेव्हाही गेलो नाही.

गेल्या वैशाखात रतनबाई एकदम म्हणाली, "आक्कानं दिलेली कापी." आक्का म्हणजे तिची थोरली जाऊ, माझी वहिनी. दुसऱ्या दिवशी मी पारनेरला गेलो. वहिनी ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भावजी, भावाच्या मातीला आला न्हाईत, अन् कापीसाठी आलात व्हय?"

मी पायरीवर बसून शेंगा फोडू लागलो. शेवटी त्यांनी विचारले, "कशी हाय रतन?" मी सांगितले, आणि मग त्या बोलल्या.

१९७७ साली आमचा पहिला मुलगा नवव्या दिवशी गेला. मला दोनच दिवस रजा मिळाली होती. "तुमी माघारी गेलात, अन् रतनच्या पोटात अन्न ठरना. तुमी मेसातनं आनलेली पुडी घरात हुती. फडक्यात बांधून दुधात उकळली, खाली उतरवून गूळ घातला. महिनाभर त्याच्यावर जगली ती."

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुमी इचारलं कवा?"

भिंगारला यायला त्या तयार झाल्या नाहीत. "तुमच्या उंबऱ्यात मी न्हाई यायची. तिला हितं आना." पंकजाने गाडी केली, आम्ही तिला नेले. रतनबाईने दोन्ही हातांत वाटी धरली आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायली. मग हळूच विचारले, "आक्का, पोरगं निजलं का?"

"निजलंय," वहिनी म्हणाल्या. "आनखी देऊ?"

मी अंगणात जाऊन बसलो.

वहिनी जमीन नको म्हणतील, तरी द्यावी. त्यांनी मला माफ केलेले नाही, आणि जमीन देऊन माफी मागण्याइतका मी धीटही नाही.

५. जमेल तेव्हा रतनबाईला पारनेरला नेत जावे. एरवी ती कॉफी पंकजाने करून द्यावी, तिने पाहून घेतले आहे.

६. माझा मेसमधला जोडीदार गोरक्षनाथ याला काहीतरी द्यायचे होते. परंतु साक्षीदाराला देऊ नये असे वकील म्हणतात. हे ऐकून तो दिवसभर माझ्याशी बोलला नाही. सही मात्र करतो आहे.

७. रतनबाई अलीकडे बाळाचे रोज विचारते. मी तिला तीन वेळा खरे सांगितले. तिन्ही वेळा ती नव्याने रडली. यापुढे जो कोणी तिच्याजवळ असेल त्याने निजलंय एवढेच सांगावे. मी गेल्यावर तिने माझे विचारले तर ड्यूटीवर गेलेत, रविवारी येतील, असे सांगावे.

हे सर्व पार पाडण्याचे काम पंकजाने करावे. वरील मजकूर मला वाचून दाखवला. सातव्या कलमात वकिलांनी 'मृत्यूनंतर' घातले होते. ते खोडून मी हाताने 'मी गेल्यावर' लिहिले व तेथे सही केली.

ठिकाण : भिंगार
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२५

(सही) श्रीमंत बाबुराव औटी

आमच्यासमक्ष सही केली :
१. गोरक्षनाथ दगडू भिंगारदिवे, भिंगार
२. अजिनाथ विठोबा शिंदे, शेजारी, भिंगार