परिशिष्ट तीनमधले मामा

तीर्थरूप मामांच्या पायांवर डोकं ठेवून (आणि निदान हे पत्र वाचून होईपर्यंत ते तिथेच ठेवून) नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? मामींचा खोकला? आम्ही इकडे सगळे मजेत, म्हणजे मी सोडून.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी विधिमंडळाच्या मसुदा शाखेत कागद लावायच्या कामावर असतो. सध्या आमदारांपुढे किनारा संरक्षणाचं विधेयक आहे. आमच्याकडे पद्धत अशी, की एखादं परिशिष्ट यायचं राहिलं तर पानांचे आकडे हलू नयेत म्हणून तिथे जागा धरायला हाताला येईल तो कागद घालायचा (एकदा साहेबांच्या मुलीचं प्रगतिपुस्तक थेट सभागृहापर्यंत जाऊन आलं होतं). परिशिष्ट तीनच्या जागी मी टेबलावर पडलेला तुमचा फोटो घातला. तोच, घरापुढे समुद्राला अडवायला बांधलेल्या तुमच्या नव्या भिंतीपुढे तुम्ही बनियनवर उभे राहून पाठ खाजवताय तो. खरं परिशिष्ट आलं, पण फोटो तिथून काढून घ्यायचा राहिला. दोनशे प्रती छापून वाटल्यासुद्धा. वर ठळक मथळा, 'पाडण्यास पात्र बांधकामे'.

समितीच्या अध्यक्षबाईंनी बोलावलं तेव्हा वाटलं, नोकरी गेली. पण बाईंनी चष्मा सरसा करून फोटो पाहिला आणि म्हणाल्या, "इतका बोलका पुरावा आजवर कुणी आणला नव्हता. घर कुठलं हे?" मामा, भीतीनं माझी जीभ टाळूला चिकटली होती (चिकटूनच राहती तर बरं झालं असतं). पत्ता सांगून बसलो. येत्या गुरुवारी अख्खी समिती मोजायची टेप घेऊन तुमच्या अंगणात येते आहे. कृपा करून सदरा घाला, आणि मी भाचा आहे हे कुणाला सांगू नका.

ता. क.: भिंतीवर एखादा वेल सोडून ती झाकता येते का, तेवढं पाहा.

आणखी एक ता. क.: राहू द्या, काही झाकू नका. काल तो फोटो मागच्या वर्षीच्या फोटोशेजारी ठेवून पाहिला. त्यात मामींची कपड्यांची दोरी होती आणि दोरीच्या पुढे चांगली वीस पावलं वाळू. आता दोरी नाही, वाळूही नाही, लाट भिंतीला लागली आहे. मला नोकरीची नाही, त्या पाण्याची धास्ती वाटते. समिती येवो न येवो, बुधवारीच मामींना घेऊन इकडे निघून या. बाहेरची खोली रिकामी केली आहे. तुम्ही येईपर्यंत जागा धरायला तिथे माझी गादी टाकली आहे.