सहावी सरी सुनेची

१८ डिसेंबर
परसात कांद्याची रोपं लावून झाली. सहा सऱ्या. कंबर गेली, पण मजा आली. सुपारीच्या वेळी सटाण्याचे व्याही सगळ्यांसमोर म्हणाले होते, "कोल्हापूरकरांना ऊस सोडून काय येतं? तुमच्या तांबड्या रश्श्याला पण कांदा आमचाच लागतो." तिथंच बोलून बसलोय, आखाजीला, म्हणजे त्यांच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, लेकीला न्यायला याल तेव्हा घरचा पोतंभर कांदा देतो. टिकणारा.
सूनबाई, स्नेहल म्हणाली, "आप्पा, आमच्याकडे सपाट वाफे करतात." म्हटलं, इथं सरीच. साखर कारखान्याच्या शेती खात्यात चौतीस वर्षं ऊस बघितलाय. कांद्याचं काय एवढं.

६ जानेवारी
रोपांनी मूळ धरलंय. आठवड्याला दोनदा पाणी, वर चिमूट चिमूट युरिया. काळीभोर पात, बघत राहावं. शेजारचे मास्तर कुंपणावरनं, "काय ओ आप्पा, कांदा हाय का ऊस?" म्हटलं, हात तोच हाय, पीक दुसरं.
आमच्या प्रशांतचा जम्मूच्या छावणीतनं फोन. सुट्टी दिवाळीशिवाय नाही. स्नेहल फोन ठेवून बराच वेळ परसात बसली होती.

४ फेब्रुवारी
सगळ्या सऱ्यांना भर लावली. माती ओढून कांदे पार गळ्यापर्यंत झाकले. स्नेहल बघत उभी. "आप्पा, कांद्याला भर?"
"मग? भर लावली न्हाय तर ऊस लोळतो का न्हाय?"
आत गेली. पोरगी गुणी हाय, शंका तेवढ्या फार.

७ फेब्रु.
शेवटच्या सरीची माती उकरलेली. सौ. म्हणाली, कोंबड्या. या गल्लीत कोंबडी कुठली? परत माती ओढली.

८ फेब्रु.
परत उकरलेली. चहाच्या वेळी विचारलं. स्नेहल हळू, पण स्पष्ट बोलली. "मीच उकरली. कांदा वरून उघडा लागतो, तरच फुगतो. एक सरी माझी राहू द्या."
राग आला. आमच्या परसात येऊन आम्हालाच... सौ.नं डोळे वटारले. दिली. सहावी तिची. बघू म्हणं.

२७ मार्च
तिची सरी आडवी झाली. पात मानेत मोडून पडलीय, पिवळी. माझ्या पाचही ताठ, हिरव्यागार. आधी बरं वाटलं, खोटं कशाला लिहू. मग पोरीचं वाईट वाटलं. रोगच पडला असणार म्हणून पाइप लावून तिच्या सरीत भरपूर पाणी सोडलं. ती आतून पळत आली, पाइप ओढून काढला. "मान पडली म्हणजे कांदा तयार झाला, आप्पा. आता पाणी दिलं तर सडतो." एवढं बोलून रडायलाच लागली.
संध्याकाळी खात्यातल्या जुन्या पाटलाला फोन केला. म्हणाला, "सूनबाईचं बरोबर हाय मर्दा. कांद्याला कोण भर लावतं व्हय?" फोन ठेवला आणि पाइप गुंडाळून ठेवला.

१३ एप्रिल
काढणी. माझ्या पाच सऱ्यांत कांदा थोडा, पातच जास्त. माना अंगठ्याएवढ्या जाड. असला कांदा महिनाभर टिकायचा नाही. लाज वाटली. तिचा एकेक मुठीएवढा, घट्ट, मान सुकून बारीक. टोकाचे चार-पाच तेवढे माझ्या पाण्यानं मऊ पडले.
सौ.चा बेत, पोत्यात खाली माझा भरायचा, वर तिचा. व्याह्यांना कुठं कळतंय. स्नेहल पण म्हणाली, "घरचाच ना, आप्पा."
तसंच करावं म्हणतोय. शब्द देऊन बसलोय.

२८ एप्रिल
व्याही आले. परवा आखाजी. जेवताना कांदा बुक्कीनं फोडला, खाल्ला, म्हणाले, "मानलं व्याही तुम्हाला." स्नेहल भाकरी वाढत होती, तिनं मान वर केली नाही. म्हटलं, "मानायचं तर लेकीला माना. हा तिचा हाय. माझा पडवीत पडलाय, बघा आणि हसा."
हसले नाहीत. मग म्हणाले, "मी हिला मळ्यात कधी एक वाफा दिला नाही. पोरीचं काम नाही म्हणायचो. ही शिकली कधी?"
"बांधावरनं बघून, नाना," म्हणून स्नेहल आत निघून गेली.

२९ एप्रिल
बापलेक सकाळच्या गाडीनं गेली. पोतं नाही, पिशवी दिली. सगळा तिच्याच सरीतला. माझा आम्ही दोघं खातोय, दोन्ही वेळ. पिठलं, भजी, थालीपीठ. चव काय वाईट नाही.

९ मे
स्नेहलचा फोन. व्याह्यांनी पावसाळी कांद्याला दहा वाफे तिच्यावर सोपवलेत. "नाना म्हणतात, जावई दिवाळीला येतील तोवर इथंच राहा. आप्पा, तुम्ही काय म्हणता?" आवाजात आनंद मावत नव्हता. म्हटलं, उद्या सांगतो.
सौ. म्हणते, राहू दे की. माझं पण तेच म्हणणं. बापानं उशिरा का होईना, दिलं. पण घर खायला उठतंय. इकडं ये, सहाही सऱ्या तुझ्या, असं सांगावं वाटतंय. आणि सांगितलं तर ती येईल, तसलीच पोरगी हाय. म्हणूनच दुपारपासून फोन हातात घेऊन बसलोय.