दाराशी काढलेल्या चपला

जर्सी सिटी, रविवार, ऑगस्ट २००५

आज कनेक्टिकटला जाऊन एका जुन्या वकिलाचं, आता म्युझियम झालेलं घर पाहिलं. दोनशे वर्षांपूर्वी तो आपल्या बैठकीच्या खोलीतच कायदा शिकवायचा. विद्यार्थी वाढले तेव्हा अंगणात एका खोलीची शाळा बांधली. त्या खोलीच्या दाराशी मी सवयीनं चपला काढल्या. समीर पुटपुटला, "यार, हे देऊळ नाहीये." गाइड बाई हसल्या. मला नाही हसू आलं. नागपूरच्या कोर्टात वकिली केलेली मी, आणि इथे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या डिपेंडंट व्हिसावर नुसते डबे भरतेय? नोकरी करता येत नाही, मान्य. पण शिकवायला कोण अडवतंय?

परतताना कारमध्ये समीरला सांगून टाकलं, "बिल्डिंगमधल्या बायकांना मी कायदा शिकवणार, फुकट. भाड्याच्या घराचं लीज न वाचताच सह्या करतात सगळ्या."

"कुठे शिकवणार?"

"आपल्या हॉलमध्ये."

"आणि माझी मॅच?"

"बेडरूममध्ये बघ."

घरी आल्याआल्या तिघींना फोन करून शनिवारच्या पहिल्या वर्गाला बोलावलं. शेजारच्या काकूंनी विचारलं, "वही आणू का गं?" म्हटलं, आधी लीज आणा.

मग दाराजवळचे आमचे बूट आणि छत्र्या उचलून कपाटात कोंबल्या. शनिवारी तिथे चपलांना जागा लागेल.