चूर्णातली भांग

मंगळवार, संध्याकाळ

आमच्या ऑफिसच्या बसचे ड्रायव्हर यादगिरी अण्णा आज तपासणीत अडकले. लघवीत भांगेचा अंश निघाला. त्यांनी वैद्याची चिठ्ठी दाखवली. झोपेसाठीचं चूर्ण, त्यात भांग, सगळं कायद्याला धरून. मॅनेजर म्हणाले, "दवा जायज है, मालूम. मगर मशीन को क्या मालूम?"

मी लॅबला फोन केला. गाडी चालवताना गुंगी होती का? ते म्हणाले, या तपासणीत ते कळतच नाही. मग कळतं तरी काय? चूर्ण रात्रीचं, बस पहाटेची.

एचआरची म्हणून निर्णय माझ्यावर. शेवटी अण्णांनाच विचारलं, "सुबह भारी लगता क्या?"

ते म्हणाले, "कभी कभी लगता, अम्मा."

नोकरी ठेवली, दुपारची पाळी दिली.