सेन्दाईचा लाडू

ओसाका,
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आईस,

सा. न. वि. वि. (चारही टिंबं दिली आहेत, मोजून घे.) महिन्याचं मराठी पत्र पाच दिवस उशिरा लिहिते आहे. कोम्बिनीच्या दुकानातली एक मुलगी काम सोडून गेली, त्यामुळे माझे बायतोचे, म्हणजे अर्धवेळ कामाचे, तास वाढले. अभ्यास चालू आहे असं बाबांना सांग. खरंच चालू आहे.

या जोडसुट्टीत मी फुकुओकाला जाऊन आले. वर्गातल्या हारुकाच्या आईने तिथे एक खाजगी सफर ठरवली होती, गाइडबरोबर गल्ल्यागल्ल्यांतून चालायचं आणि थांबून थांबून खायचं. तीन माणसांचीच, म्हणून मलाही बोलावलं. गाइडचा फोटो बघते तर आपली चारुता मावशी! मी कुणाला काही बोलले नाही. गिओन स्टेशनवर मला बघून मावशी किंचाळलीच, आणि दुसऱ्या क्षणी हारुकाच्या आईसमोर अशी वाकली की जणू मला ओळखतच नाही.

आई, मावशीचं काम किती छान आहे! मासळीबाजारात ती तिखट गाबोळीबद्दल इतक्या चवीने सांगते की ही बाई शाकाहारी आहे यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. (मी मासे खाते हे तिला आता कळलंय. आजीला कळवू नकोस.) मग उदोनच्या जाड शेवया, वर कसल्याशा मुळाची भजी. हारुकाच्या आईचा गुडघा दुखतो, तर मावशीला प्रत्येक गल्लीतला बाक माहीत.

शेवटचा थांबा म्हणजे छपराखालच्या बाजाराच्या टोकाला ओनिगिरीचं लहानसं दुकान. नुसत्या मिठाचे भाताचे गोळे, बसायला चार स्टुलं. तिथे हारुकाच्या आईने सेन्दाईची गोष्ट सांगायची विनंती केली. इथे येऊन गेलेल्यांनी लिहिलेलं तिने वाचलं होतं. मावशीने एकदा माझ्याकडे पाहिलं, आज उशीर झालाय म्हणाली, पण मग सांगितली.

२०११च्या भूकंपानंतर वीज नाही, पाणी नाही, बाहेर बर्फ. समोरच्या सुगावारा आजी रॉकेलच्या स्टोव्हवर भात शिजवून रोज तीन गोळे आणून देत. चौथ्या दिवशी आजींना चक्कर आली आणि त्यांनी विचारलं, काही गोड आहे का. तेव्हा मावशीने बॅग उघडून पुण्याहून आलेला बेसनाचा लाडू त्यांच्या हातावर ठेवला. आजी म्हणाल्या, हा तर उन्हाचा गोळा आहे. आणि त्या हसल्या. सगळं ऐकून झाल्यावर मावशी प्रत्येकाला पांढऱ्या कागदात बांधलेला एक लाडू देते. कागदावर शिक्का असतो, ‘सेन्दाईचा लाडू’.

गोष्टीत एक रडणारी लहान मुलगी आहे. ‘माझी भाची’ म्हणाली मावशी. ती मीच ना? मला फक्त बर्फ आणि निळं ब्लँकेट आठवतं. मावशी तेव्हा आपल्याकडे होती हे तू कधी सांगितलंच नाहीस! मला वाटायचं बाबा तोक्योत अडकले होते आणि घरात आपण दोघीच.

हारुकाची आई कोबेची. तिकडच्या भूकंपात तिचा धाकटा भाऊ गेला, एवढंच हारुकाला माहीत होतं. कसा गेला ते तिने त्या स्टुलावर बसून, मावशीचे हात धरून सांगितलं. तीस वर्षांत पहिल्यांदा. हारुका रडली, मीही रडले.

मी ही सगळी गोष्ट वर्गात निबंध म्हणून दिली आहे, पुढच्या आठवड्यात वाचून दाखवायची आहे. मावशी सेन्दाईला किती दिवस होती, लगेच कळव.

तुझी माया आहेच, फराळाच्या पार्सलात तिच्यासोबत चकल्याही येऊ देत.

तुझी,
रुचा

—

एदोगावा, तोक्यो,
१८ ऑक्टोबर २०२५

चि. चारुतास,

अनेक आशीर्वाद. सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही.

रुचाच्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे. आधी ती वाच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मग मीच तुझी समजूत घालत बसते, म्हणून लिहिते आहे.

तू ही गोष्ट इतक्या वेळा बदलून सांगितली आहेस की खरी काय ते तुलाही आठवत नसेल. एकदा कागदावर लिहून देते. तू सेन्दाईला नव्हतीस. मी होते. उदय तोक्योत, घरात मी आणि पाच वर्षांची रुचा. आईचं पार्सल त्याच आठवड्यात आलं होतं. भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी दुकानांपुढच्या रांगा पाहिल्या आणि मी लाडू-चिवड्याचे डबे बॅगेत घालून बॅग कपाटात वर ठेवली. सुगावारा आजी रोज सकाळी दार वाजवायच्या. तीन गोळे. दोन रुचाला, एक मला. स्वतः त्या काय खातात हे मी विचारलं नाही. चौथ्या दिवशी त्या दाराशी भिंत धरून उभ्या राहिल्या, चक्कर येते म्हणाल्या, काही गोड आहे का असं विचारलं. मी म्हटलं, “नाही. काहीच नाही.” त्यांनी मान लववली, त्रास दिल्याबद्दल माफी मागितली आणि गेल्या. बॅगेत बावीस लाडू होते.

पाचव्या दिवशी उदय यामागाताच्या बाजूने वळसा घालून बसने पोचला आणि आम्ही निघालो. मे महिन्यात सामान आणायला गेले तेव्हा घरमालकांनी सांगितलं, आजी मार्चअखेरीस गेल्या, न्यूमोनियाने. एका लाडवाने त्या वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. पण मी नाही म्हटलं.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. उदयलाही नाही. तुझ्या स्वयंपाकघरात, मटार सोलताना. तू माझे हात पुसलेस आणि म्हणालीस, ताई, हे इथेच राहील.

तू ते चारचौघांत सांगितलंस याचा राग मी गिळला असता. माणसं बोलतात. पण तू त्यात माझ्या जागी उभी राहिलीस, आणि मी जे केलं नाही ते करून मोकळी झालीस. आजींच्या तोंडी शब्द घातलेस. उन्हाचा गोळा! त्या बाईने त्या दिवशी फक्त माफी मागितली होती, चारुता. माझ्या लाजेला तू पाक घालून वळलंस आणि वर शिक्का मारलास.

आणि ती कोबेची बाई. तिने तीस वर्षं जपलेलं खरं दुःख तुझ्या हातात ठेवलं. बदल्यात तू तिला काय दिलंस, याचा विचार कर.

यंदा भाऊबिजेला तू आणि तुझे यजमान इकडे येणार होतात. येऊ नका. जगदीशरावांना कारण तूच सांग, गोष्टी रचण्यात तू माझ्यापेक्षा तरबेज आहेस.

लोभ असावा असं लिहायला आज हात धजत नाही.

अनुराधा

—

फुकुओका,
२७ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून रोज एक पत्र लिहून फाडते आहे. हे पाठवणार आहे, जसं होईल तसं.

तू लिहिलेलं सगळं खरं आहे. मी सांगायला नको होतं. रुचासमोर तर नकोच. उशीर झालाय म्हणून टाळू शकले असते. पण त्या बाई खास ती गोष्ट ऐकायला आल्या होत्या, आणि गोष्ट संपल्यावर मला रोज मिळणारी ती शांतता हवी होती. हे कबूल करायला लाज वाटते, पण तुला खरं तेच हवं आहे ना, मग हेही घे.

पहिल्यांदा मी खरी गोष्ट सांगितली होती. चार वर्षांपूर्वी, एका वयस्क जोडप्याला. माझ्या बहिणीची म्हणून, नाव न घेता, जशी घडली तशी. हातातला गोळा त्या दोघांनी परत ताटलीत ठेवला. बाहेर पडताना त्या गृहस्थांनी मला विचारलं, तुमच्या बहिणीला आता झोप लागते का? पुढच्या वेळी सांगताना माझ्या तोंडून निघून गेलं की तिने लाडू दिला. सगळ्यांचे चेहरे उजळले. मला वाटलं, ताईला सोडवलं. मग कधीतरी ‘बहीण’चं ‘मी’ झालं. शिक्का मागच्या वर्षी करून घेतला.

तू एक विसरतेस. त्या मार्चपासून तुम्ही तिघं माझ्याकडे सहा आठवडे राहिलात. त्या बावीसांतलेच लाडू रुचा माझ्या टेबलावर बसून खायची आणि तू उठून बाल्कनीत जायचीस. नंतरही चौदा वर्षं, सेन्दाईचं नाव निघालं की तू विषय बदलायचीस आणि मी तो तुला बदलू द्यायचे. मीही ते ओझं वाहिलंय, ताई. माझ्या परीने. त्यात माझा काहीच वाटा नाही का?

वाचून तुला राग येईल. लिहितानाच मला दिसतोय.

शिक्का टाकून दिला. गोष्ट बंद केली. परवा एका पाहुणीने विचारलं, तेव्हा ती माझी नव्हती एवढंच सांगितलं. तिने वाईट अभिप्राय लिहिला आहे. हारुकाच्या आईंना पत्र लिहिते आहे, तेही फाडलं जातंय. त्यांना काय लिहू ते सांगशील का? नसेल सांगायचं तर नको.

जगदीशला मी काही रचून सांगितलं नाही. खरं सांगितलं.

रागावूनही का होईना, आठवण ठेव.

तुझी,
चारू

—

एदोगावा,
३ नोव्हेंबर २०२५

चि. रुचास,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझा निबंध मी फोन करून थांबवायला सांगितला, तू कारण विचारलंस आणि मी उत्तर दिलं नाही. ते उत्तर आता देते.

चारुता मावशी सेन्दाईला नव्हती. तुला आठवतं तेच बरोबर, आपण दोघीच होतो. गोष्टीतली बाई मी आहे. सुगावारा आजींनी काही गोड आहे का विचारलं तेव्हा कपाटात तुझ्या पुण्याच्या आजीने पाठवलेले बावीस लाडू होते, आणि मी नाही म्हणाले. त्यानंतर दोन आठवड्यांनी त्या वारल्या. लाडू पुढे मावशीकडे तू खाल्लेस.

हे मी मावशीला विश्वासाने सांगितलं होतं. तिने त्याचं काय केलं ते तू ऐकून आलीस. तिने लिहिलंय की तिला मला सोडवायचं होतं. असेलही. पण दुसऱ्या कुणी परस्पर सोडवलं की माणूस सुटत नाही, उलट त्याला स्वतः सुटायची वाटही राहत नाही. तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही. देईन, पण पहिल्यासारखं नाही. आता तिला काही सांगताना ते कुठे जाईल याचा विचार आधी येईल. सख्ख्या बहिणीबद्दल असं लिहिताना फार वाईट वाटतं.

बाबांना मी गेल्या आठवड्यात सांगितलं. त्यांनी उठून चहा करून आणला.

तू एवढं समजून घे की मी हे तुझ्यासाठी केलं. तू पाच वर्षांची होतीस, पुढे किती दिवस असं चालणार ते कुणालाच माहीत नव्हतं. आई झालीस की कळेल.

घरमालकांनी मे महिन्यात मला आजींच्या मुलाचा सेन्दाईतला पत्ता दिला होता. त्यांच्या घरी जाऊन आजींच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावावी असं दरवर्षी मार्चमध्ये मनात येतं. गेले नाही. पत्ता जुन्या पासपोर्टात आहे.

थंडी पडू लागली आहे, अंगभर घालत जा. तू माझ्याकडे आता कशी बघशील ते ठाऊक नाही. तरी माझा जीव तुझ्यातच आहे.

तुझी आई

—

ओसाका,
९ नोव्हेंबर २०२५

ती. आईस,

सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मला राग आला आहे आणि तो मराठीत लिहिणं अवघड आहे, म्हणून वाक्यं लहान लिहिते.

मावशीने तुझी गोष्ट घेतली, हे वाईट केलं. तिचंही पत्र मला आलं आहे. हारुकाच्या आईला तिने शेवटी कळवलं. हारुका म्हणाली, आईने ते पत्र घडी करून ठेवून दिलं. हारुका माझ्याशी बोलते, पण त्याबद्दल पुन्हा नाही.

पण तू लिहिलंस की हे माझ्यासाठी केलं. ते नको लिहूस. मावशीने त्या गोष्टीत मला रडवलं, तू त्याच गोष्टीत मला कारण केलंस. दोघींनी मला विचारलं नाही. मी पाच वर्षांची होते. मला एक लाडू कमी मिळाला असता तर चाललं असतं. तू घाबरली होतीस. तेवढंच लिहिलं असतंस तर मला लगेच कळलं असतं. मी आई होण्याची वाट बघायची गरज नव्हती.

निबंध मी परत घेतला. गोष्ट खरी नव्हती, एवढंच सरांना सांगितलं. त्यांनी जास्त विचारलं नाही.

या महिन्यात २४ तारखेला सुट्टी आहे, शनिवार-रविवारला जोडून. मी सेन्दाईला जाणार आहे. बायतोतून रजा घेतली. आलीस तर तोक्यो स्टेशनवर भेटू, पुढे एकाच गाडीने जाऊ. तिथे बोलायचं ते तू बोल. तुझं जपानी अडलं तर मी शब्द सांगेन, वाक्य सांगणार नाही. नाही आलीस तर मी एकटी जाईन, उदबत्ती लावीन आणि परत येईन. तुझ्या वतीने काही बोलणार नाही.

पत्ता पाठव. फोनवर सांगू नकोस, कागदावर लिहून पाठव, तुझ्या हाताने.

राग आहे, म्हणून माया कमी झाली असं समजू नकोस.

तुझी,
रुचा